सह्याद्रीत पळायला जास्त कुशनवाले ट्रेल शूज घ्यावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात राहते, आठवडाभर वेताळ टेकडी आणि रविवारी जमलं तर आतकरवाडीतून सिंहगड असा पळण्याचा (चढावर चालण्याचाच म्हणा) कार्यक्रम असतो. आत्तापर्यंत रोडच्याच शूजवर भागवलं पण त्यांचा सोल आता गुळगुळीत झालाय, आणि एसआरटीच्या (सिंहगड-राजगड-तोरणा रेस) २५ किमीला उतरायचं डोक्यात आहे, म्हणून आता नीट ट्रेलचेच (डोंगरवाटांवर पळायचे) घ्यायचेत.

अडचण टाचेची आहे. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना जीव जातो, मग हळूहळू मोकळं होतं. फिजिओ म्हणाल्या कुशन भरपूर असलेले घ्या. ग्रुपमधले म्हणतात एवढ्या उंच सोलवर घसाऱ्यात पाय मुरगळणारच, त्यापेक्षा गुपचूप अ‍ॅक्शन ट्रेकिंगचे शूज घे. आता अ‍ॅक्शन कातळावर चिकटतात हे मान्य, निम्मा सह्याद्री त्याच्यावरच चढतो, पण पळायला मला ते फार कडक वाटतात हो.

सध्या डोक्यात हे आहेत. होका स्पीडगोट ६, टाचेखाली ४० मिमी आणि पंजाखाली ३५ जाडीचा सोल, म्हणजे ड्रॉप (दोन्हींतला फरक) ५. आल्ट्रा ऑलिंपस, पुढून ऐसपैस आणि माझा पंजा रुंद आहे म्हणून जीव अडकलाय, पण ड्रॉप शून्य. सालोमन स्पीडक्रॉस चिखलात भारी म्हणतात, ड्रॉप १०, पण कुशन या दोघांइतकं नाही. बजेट पंधरा हजार, ताणून थोडं वर. कुणी यातले आपल्याकडच्या दगडांवर वापरलेत का?

प्रतिसाद:
ताई, टाच दुखत असताना एकदम शून्य ड्रॉपवर उडी नको. टाच खाली गेली की पोटरी आणि अकिलीसवर (टाचेमागच्या जाड शिरेवर) ताण वाढतो आणि टाचदुखीत पोटरी आधीच आखडलेली असते. ऑलिंपस वाईट नाही, पण त्याची सवय महिना दोन महिने थोडं थोडं पळून करायची असते, रेस तोंडावर असताना नाही. स्पीडक्रॉसचे लांब दात मातीत रुततात म्हणून चिखलात मजा, कोरड्या कातळावर मात्र दगडाला टेकणारं रबर कमी पडतं.

प्रतिसाद:
मुरगळण्याचं म्हणाल तर नुसती सोलची उंची बघून उपयोग नाही, तळ किती रुंद आहे आणि टाचेची वाटी किती घट्ट आहे ते बघा. दुकानात एका पायावर उभं राहून बाजूला झुका, तिथेच डुगडुगले तर सिंहगड उतरताना काय होईल? स्पीडगोटला व्हायब्रम मेगाग्रिप रबर आहे, ओल्या दगडावर बरंच टिकतं, पण शेवाळ असेल तर कुठलंच रबर कामाचं नाही, तिथे बसूनच उतरायचं. आणि संध्याकाळी ट्राय करा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. पळताना घालता तेच मोजे न्या. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, नाहीतर उतारावर नखं काळी.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. ऑलिंपस मग सध्या बाद, मन मोडलं जरा. स्पीडगोट रुंद मापात मिळतो असं वाचलं, तोच संध्याकाळी जाऊन घालून बघते, आणि नाडी वरच्या शेवटच्या भोकातून बांधून दुकानाच्या जिन्यावरून उतरूनही बघेन, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो. एकच शंका राहिली, उंच फोमच्या कडेला आपले धारदार दगड लागून तुकडे निघतात का? वापरलेल्या कुणी जुन्या जोडाचा फोटो टाकाल का?