मदत हवी आहे : लहान मुलांच्या उशिरा बोलण्यावरच्या अभ्यासासाठी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी. मी अमरावतीत स्पीच थेरपिस्ट आहे. दीड ते तीन वर्षांची जी मुलं उशिरा बोलतात, ती अंगणवाडीतच लवकर ओळखता येतील का, यावर छोटा अभ्यास करायचा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, त्यात भाषेचा विलंबही पाहतात. पण घरची बोली वेगळी असली की गोंधळ होतो. परवा एका पोराला टोमॅटोचं चित्र दाखवलं, तो खणखणीत आवाजात म्हणाला, "भेद्रं!" वऱ्हाडीत टोमॅटोच तो. प्रमाण मराठी शब्दांच्या यादीत त्याला शून्य गुण. मेळघाटात तर घरात कोरकू. म्हणून वऱ्हाडी आणि कोरकूसाठी आईला विचारायची शब्दयादी करून तपासायची आहे. आणि हो, आधी कानांची तपासणी. ती टाळून उपयोग नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संशोधन अनुदानाचा अर्ज वाचला. पण माझं खासगी क्लिनिक, मागे संस्था नाही. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) मंजुरी कुठून आणू? एखाद्या मेडिकल कॉलेजातल्या बालरोग विभागाला सोबत घेऊन कुणी अर्ज केलाय का? मैसूरच्या 'आयश'चा (वाचा व श्रवण यांवरची राष्ट्रीय संस्था) संशोधन निधी बाहेरच्यांना मिळतो का? सीएसआरमधून (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) पैसे मिळवलेत का कुणी? मी एका कंपनीला विचारलं, तर ते म्हणाले, "श्रवणयंत्रं वाटा, फोटो छान येतात."

मोठी रक्कम नकोय. दोन कोरकू बोलणाऱ्या ताईंचं मानधन आणि गाडीभाडं निघालं तरी सुरुवात होईल. कुणाकडे मंजूर झालेल्या प्रस्तावाचा नमुना असेल तर प्लीज पाठवा.