मदत हवी आहे: कार्ट भरतं, पण ऑर्डर येत नाही

देवगडच्या आमच्या हापूसची वेबसाइट मीच बनवली, दहा वर्षांपूर्वी. तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक कॉम्प्युटरवर निवांत वाचून पेटी मागवायचे. आता रील बघून मोबाइलवरून येतात, भाव बघतात, आणि खातं उघडायचा फॉर्म दिसला की पसार! मग व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा: "देवगडचाच ना? कर्नाटकचा नको हं." कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन (माल त्याच भागातला असल्याची अधिकृत ओळख) मिळालं, ते मी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकलंय (माझाच गाढवपणा).

फॉर्म काढून फक्त मोबाइल नंबर आणि यूपीआय ठेवू, की कार्टच काढून व्हॉट्सअ‍ॅपचं बटण देऊ? पण सीझनमध्ये एवढ्या मेसेजना उत्तरं देणं एकट्याला झेपत नाही. कुणी असा बदल केलाय का? उघडल्याउघडल्या भाव दाखवता की बागेचा व्हिडिओ?