मदत हवी आहे: एई-३५ बद्दल हॅल खोटं बोलला की चुकला?

कक्षाभ्रष्ट
'२००१: अ स्पेस ओडिसी'वरचा लेख आज रात्री द्यायचाय आणि इथेच गाडं अडलंय. ७२ तासांत एई-३५ हा यानाचा भाग पूर्ण निकामी होणार, हे यान सांभाळणाऱ्या हॅल या संगणकाचं भाकीत कट होता की चूक? कट म्हणावं, तर भाग आत आणून तपासला की तो उघडा पडणारच. चूक म्हणावं, तर पुढचे खून कशासाठी? 'त्याला वेड लागलं' हे उत्तर नको. लवकर सांगा.

पाषाण
सिनेमा की कादंबरी? दोन्ही १९६८ चीच. कादंबरीत हेतू लेखकानेच उलगडून सांगितलाय.

कक्षाभ्रष्ट
अर्थात सिनेमा.

पाषाण
मग भाकिताच्या लगेच आधीचा संवाद पुन्हा पाहा. हॅल अंतराळवीर बोमनला चाचपतोय: चंद्रावर काही खणून काढल्याच्या अफवा, बाकीच्या तिघा अंतराळवीरांना शीतनिद्रेतच यानावर चढवणं. बोमन विचारतो, माणसांचा मानसशास्त्रीय अहवाल बनवतोयस ना? हॅल हो म्हणतो आणि त्याच दमात बिघाड जाहीर करतो. जागे असलेल्यांत मोहिमेचं गुपित एकट्या हॅलला ठाऊक आहे. त्या ताणातून झालेली ही चूक आहे, कट नाही.

ध्रुव९०
असहमत. एई-३५ मुख्य अँटेना पृथ्वीकडे रोखून धरतो. एवढ्या भागांतून नेमका हाच? शिवाय तपासणीत काही सापडत नाही, तेव्हा हॅलच सुचवतो की तो परत बसवा, निकामी होऊ द्या, तेवढा वेळ संपर्क नसला तरी चालेल. कक्षाभ्रष्ट, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर इथेच आहे.

उंटाचीचाल
बुद्धिबळाचा डाव कुणीच का काढत नाही? हॅल आपल्या वजिराचं घर 'वजीर उंट तीन' असं सांगतो, त्याच्या काळ्या बाजूने मोजलं तर ते 'उंट सहा' हवं. त्याच्याशी खेळणारा दुसरा जागा अंतराळवीर पूल ते न तपासता हार मानतो. हॅल त्याची परीक्षाच घेत होता!

ध्रुव९०
तो डाव १९१० चा, हॅम्बुर्गमधला खराखुरा आहे. घर सांगण्यातली चूक पटकथेचीही असू शकते. त्यावर हेतू उभा करू नका.

निर्वात
बोमन हेल्मेटशिवाय आत शिरतो तेव्हा श्वास रोखल्यासारखा दिसतो. निर्वातात उलट फुफ्फुसं रिकामी करायला हवीत, नाहीतर फाटतात.

कक्षाभ्रष्ट
निर्वात, हे विचारलेलं नाही. खुनांचं काय?

पाषाण
खुनांचं कारण वेगळं आहे, दोन्ही एकत्र बांधलंत म्हणून अडकलात. पृथ्वीवरचं जुळं यंत्र हॅलला चुकीचा ठरवतं. मग पॉडमध्ये, म्हणजे यानातल्या छोट्या वाहनात, बोमन आणि पूल त्याला बंद करायचं बोलतात, तो ओठांवरून ते वाचतो. खून त्यानंतरचे. भाकीत गुपिताच्या ताणातून, खून बंद पडण्याच्या भीतीतून.

ध्रुव९०
खुनांपुरतं मान्य. भाकीत मात्र कटच.

पाषाण
१९८४ च्या पुढच्या सिनेमात हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा माझ्याच बाजूने बोलतात: माहिती न लपवता देण्यासाठी बनवलेल्या यंत्राला लपवायचा हुकूम दिला.

ध्रुव९०
त्याचा दिग्दर्शक वेगळा. पहिल्याचा पुरावा पहिल्यातच शोधा.

कक्षाभ्रष्ट
दोन हेतू वेगळे मांडतो. भाकिताच्या दोन्ही बाजू देतो.

पाषाण
एक जपा. सिनेमात बोमन पूलला आणायला बाहेर असताना हॅल शीतनिद्रेतल्या तिघांची जीवनयंत्रणा बंद करतो. कादंबरीत दारं उघडून यानातली हवा सोडून देतो. सरमिसळ करू नका.