९,६०० रुपये कापलेत, आयकर रिटर्न कुठलं भरू?

पूर्वभाग_सोलापूर
कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरून वेबसाइटचं काम केलं. ठरले महिना ८,०००, हातात यायचे ७,२००. मला वाटायचं काम उशिरा दिलं म्हणून कापतात. परवा कळलं, तो दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर.

आई विड्या वळते, बाबा टॉवेलच्या कारखान्यात. बाबा म्हणाले, "तुला टॅक्स लागला म्हंजे आपण श्रीमंत झालो की गं!" आई मात्र घाबरली. रिटर्न भरलं तर उत्पन्नाचा दाखला अडेल, महाडीबीटीची स्कॉलरशिप जाईल, असं तिला कुणीतरी सांगितलंय.

चौकातला एक जण हजार रुपये मागतोय. "पगार दाखवून आयटीआर-१, म्हणजे 'सहज' फॉर्म भरू, दहा मिनिटांचं काम." हजार रुपयांसाठी आईला किती विड्या वळाव्या लागतात ते मी रोज बघते. स्वतः भरता येईल का? आणि २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत, ९,६०० ऐवजी ७,२०० च का दिसतात?

होटगीरोडकर
'सहज' फॉर्म भरू नको! मी मागच्या वर्षी तेच केलं. कंपनीने टीडीएस कलम १९४जे (व्यावसायिक फी) खाली कापलेला, मी पगार दाखवला. रिटर्न सदोष म्हणून नोटीस आली, दुरुस्तीला १५ दिवस. नेमकी सेमिस्टर चालू होती.

जमाखर्च_काका
पोरी, १९४जे म्हणजे कंपनीच्या वहीत तू नोकर नाहीस, व्यावसायिक आहेस. तुझा फॉर्म आयटीआर-४, सुगम. त्यात कलम ४४एडीए घे. आयटीचं काम त्यात बसतं. जमा ९६,०००, त्याचे निम्मे म्हणजे ४८,००० उत्पन्न दाखवायचं, हिशेबाच्या वह्या लागत नाहीत. बचत खात्यावरचं व्याजही लिही, दीडशे रुपये असले तरी. नव्या करप्रणालीत २०२४-२५ साठी ३ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे कापलेलं सगळं परत. पण रिटर्न भरलंस तरच. मागितल्याशिवाय सरकार देत नाही.

७,२०० चं कोडं सोपं आहे. तिमाहीला २,४०० कापले जातात, तुझी एक तिमाही गायब आहे. बहुतेक जानेवारी-मार्चची. कंपनीने त्या तिमाहीचं टीडीएसचं विवरणपत्र भरलेलं नसेल किंवा पॅन चुकला असेल. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला ईमेल कर, फोन नको, आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, माग. २६एएस मध्ये आकडा येईपर्यंत थांब. फक्त रिटर्नची मुदत चुकवू नको.

आईला सांग, दाखला तहसीलमधून निघतो. तिथे घरचं उत्पन्न खरं सांगायचं, बस. रिटर्न भरल्याने ते वाढत नाही. शिक्षणासाठी मिळालेली स्कॉलरशिप तर करात धरतच नाहीत.

आणि कुणी "खोट्या वजावटी दाखवून जास्त रिफंड काढून देतो" म्हणालं, तर चहासुद्धा पिऊ नको त्याच्याकडे.

पूर्वभाग_सोलापूर
काका, चौथी तिमाही आली! कंपनीने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. आता बँक खातं आयकर पोर्टलवर व्हॅलिडेट होत नाही, म्हणजे पडताळणीत अडकतंय. पॅनवर बाबांचं पूर्ण नाव मधे आहे, पासबुकात नुसतं 'एन.' आणि आडनाव आधी. आमची तेलुगू आडनावं आधीच लांब, त्यात बँकेतल्या मॅडमनी स्पेलिंगही आपल्या मनानं केलंय.

जमाखर्च_काका
पॅन आणि आधारची झेरॉक्स घेऊन शाखेत जा, नाव पॅनप्रमाणे करून घे. रिफंड व्हॅलिडेट झालेल्या खात्यातच येतो. मग रिटर्न भर आणि आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय कर, म्हणजे ते तूच भरलंस याची ऑनलाइन खात्री दे. ३० दिवसांची मुदत असते, पण तिथल्या तिथे करून टाक. अर्धे लोक इथेच विसरतात.

पूर्वभाग_सोलापूर
भरलं, ओटीपी पण टाकला. मोबाइल बाबांच्या नावावर, ते कारखान्यात, मशिनच्या आवाजात आकडे सांगताना दोनदा चुकले. तिसऱ्यांदा झालं.