रोज भात-पोळ्या उरून राहिल्या, उन्हाळ्यात टिकतही नाही, तुम्ही काय करता?

मानेवाड्याची_सून
नमस्कार मंडळी. घरी आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतला पोरगा. सकाळचा स्वयंपाक सासूबाईंकडे आणि त्यांचा हात पडलाय मोठ्या घरात, उमरेडकडचं एकत्र कुटुंब होतं त्यांचं, त्यामुळे कमी करायला सांगितलं की एकच उत्तर, ऐनवेळी कोणी आलं तर? आता या ४५ डिग्रीत दुपारी कोण येऊन राहिलं बाप्पा आपल्याकडे, कुत्रंही बाहेर पडत नाही. तर रोज पोळ्या उरतात, भात उरतो, गंजाच्या तळाशी वरण उरतं. हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी चालून जायचं, आता संध्याकाळपर्यंत ओट्यावरच्या भाताला तार सुटते. नवरोबा शिळं दिसलं की ताट सरकवतात. कामाला येणाऱ्या ताईंना शिळं बांधून द्यायचं माझ्या जिवावर येतं, त्यांना द्यायचं तर ताजंच देते. मग टाकावं लागतं न् टाकताना सासूबाई अशा पाहतात की मीच शिजवलं होतं जसं काही.
फोडणीचा भात कृपया सांगू नका, त्याचं नाव काढलं की पोरगा बाहेर मॅगी खायला पळतो. दुसरं काही असेल तर सांगा.

खमंग_काकू
अगं सूनबाई, फोडणीच्या भातानं काय घोडं मारलं, पण असो. पोळ्यांचं सांगते आधी. कुस्करा कर. पण मिक्सरमधून काढू नको, सगळे त्यातच चुकतात, भुगा होतो न् तो तोंडात चिकटतो. हातानं कुस्करायची, नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत. तेल जरा सढळ, मोहरी, फल्लीदाणे लाल होईस्तोवर, मग हिरवी मिरची, कांदा, हळद, तिखट. पोळी टाकली की वरून आंबट ताकाचा हबका मारायचा, दोन-तीन चमचे बस, आणि झाकण. दोन मिनिटांनी झाकण काढून गॅस मोठा करायचा आणि हलवायचंच नाही थोडा वेळ, खाली जी खरपूस पापडी धरते ना तिच्यासाठी आमच्याकडे भांडणं होतात. वरून सांबार (कोथिंबीर) न् लिंबू. पोराला सांगू नको काय आहे ते, फक्त वाटीत दे.
वरण उरलं तर वरणफळं. पाणी घालून पातळ करायचं, लसूण-जिऱ्याची झणझणीत फोडणी, तिखट, चिंच-गूळ ज्याच्या त्याच्या आवडीनं. कणीक घट्ट भिजवायची, जाड लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि वरणाला खळखळून उकळी आली की मगच सोडायची, आधी सोडली तर सगळा गिचका होतो. शिजली की वर येतात. ताटात घेतल्यावर तुपाची धार, आणि सोबत काही लागत नाही, ना भाजी ना पोळी, म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाकच वाचला.
कोरडी आलूची भाजी असेल तर पराठे, ते तुला माहीतच असेल. चण्याची रस्सा भाजी उरली तर रात्रीच फ्रीजमध्ये टाक, सकाळी त्यात पाणी, तिखट न् थोडा मसाला वाढवून उकळ, पोह्यांवर ओत. तर्री-पोह्याला कोण शिळं म्हणतं ते मले दाखव.

लॅबवाला_दादा
काकूंच्या वरणफळांना माझा हात जोडून नमस्कार. पण भाताबद्दल थोडं नीट बोलू, कारण ताईंनी जे सांगितलं, ओट्यावर राहिलेला भात, ते मला खटकलं.
तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. आणि खरी गोम इथे आहे, हे विष परत गरम करून जात नाही. म्हणजे ‘चांगली वाफ आणली होती की’ हे उत्तर भाताला चालत नाही. आणि वास आला, तार सुटली तरच खराब असंही नाही, वास यायच्या आधीच काम झालेलं असू शकतं. साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असं सांगतात, आणि बाहेर ३२ च्या वर असेल तर एक तास. आता आपल्या घरात मे महिन्यात ३२ च्या खाली कधी असतं तुम्हीच सांगा, रात्री दोन वाजता भिंती गरम लागतात.
म्हणून जेवणं झाली की लगेच परातीत भात पातळ पसरा, पंख्याखाली, कूलरसमोर नको, तिथली हवा दमट. वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये. खोल गंजात तसाच ठेवला तर मधला भात तासन् तास गरम राहतो, वरून गार लागला तरी. दुसऱ्या दिवशी संपवायचा, एकदाच गरम करायचा, जेवढा लागेल तेवढाच बाहेर काढायचा. ओट्यावर रात्र काढलेला भात मात्र टाका, त्याची हळहळ करू नका.
वरणाचा गंज परातीत पाणी घेऊन त्यात ठेवला न् ढवळला तर पटकन गार होतो. एकदम उकळता गंज फ्रीजमध्ये ढकलू नका, शेजारचं दूध तापतं.

बर्डीवाला
एवढा विचार दोन पोळ्यांचा? लग्नात जाऊन पाहा, बुफेमध्ये ताटंच्या ताटं टबात जातात. हॉटेलवाल्यांना सांगा आधी. घरातल्या बाईला कशाला छळता राव.

प्रतापनगर_रिटर्न
बर्डीवाले दादा, लग्नातलं पाहून मलाही चीड येते, पण गणित उलटं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात २०२२ साली जगभरात वाया गेलेल्या अन्नापैकी ६० टक्के घरांमधून गेलं असं दिलंय, हॉटेलं, केटरिंग वगैरे २८ टक्के. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. त्यात सालं, बिया, हाडं सगळं धरतात, म्हणजे ५५ किलो पोळ्या नाहीत, आणि अंदाजच आहे तो, पण तरी.
बाकी ‘घरातल्या बाईला कशाला छळता’ यावर मला लांब बोलायचंय. उरलेलं संपवायचं म्हणजे आपल्याकडे काय होतं? ताजं गरम सगळ्यांना न् शिळं बाईला. माझी आई आयुष्यभर सकाळची पोळी रात्री खाऊन राहिली आणि आम्ही कोणी एकदाही विचारलं नाही, कारण ती सगळ्यांच्या नंतर बसायची तर दिसायचंच नाही. इथे लोक रेसिप्या देतात त्या छानच आहेत पण ताई, तुम्ही कुस्करा करून एकट्याच खाणार असाल तर त्याला काही अर्थ नाही, कचरा डब्यात गेला नाही तो तुमच्या पोटात गेला एवढंच. आमच्या घरी आता नियम आहे, उरलेलं आधी, सगळ्यांच्या ताटात, आणि जो ताट सरकवेल त्यानं ओट्याशी जावं. माझ्या नवऱ्यानं सुरुवातीला तोंड वाकडं केलं, मग स्वतः मुगाची खिचडी लावायला शिकला, तेही बरंच झालं.
आणि शिजवतानाच कमी करा ना. सासूबाईंशी भांडू नका, तांदळाच्या डब्यातली वाटी बदला. आमच्याकडे मोठं माप होतं ते मी वरच्या फळीवर टाकलं न् लहान वाटी ठेवली, सासऱ्यांच्या अजून लक्षात नाही. कणीक भिजवून ठेवायची, पोळ्या मात्र जेवायला बसल्यावर मोजून लाटायच्या. पाहुणे आलेच तर पाच मिनिटांत होतात की. उरलेला उंडा फ्रीजमध्ये एक दिवस राहतो, वरून तेलाचा हात फिरवायचा म्हणजे काळा पडत नाही.

खमंग_काकू
वाटीची आयडिया भारी आहे गं. मी माझ्या सुनेला सांगणार नाही मात्र.

गोकुळपेठेत_भाजी
उरलेल्या शिजलेल्याबद्दल सगळे बोलले, कच्च्याचं पण पाहा. फुलकोबीचे दांडे लोक फेकतात, बारीक चिरून आलूसोबत टाका, कळतही नाही. सांबाराच्या काड्या वरणात. दोडक्याच्या शिरा तीळ न् लाल मिरची घालून तव्यावर खरपूस परतून चटणी. आणि सध्या रोज टरबूज येऊन राहिलं घरोघरी, त्याचा हिरवा पापुद्रा सोलून मधला पांढरा भाग चिरायचा, मोहरी-जिऱ्याची फोडणी, वाफेवर शिजवून वरून बेसन पेरायचं. चव लवकीच्या (दुधीच्या) जवळ जाते. आमच्या पोरानं पोळीसोबत खाल्ली न् विचारलं लवकी कुठून आणली.
ज्याचं काहीच होत नाही ते बाल्कनीतल्या कुंडीत, सुका पाला थर देऊन. तेलकट शिजलेलं नका टाकू, उंदीर येतात.

मानेवाड्याची_सून
बाप रे, एवढी उत्तरं. थँक्यू सगळ्यांना. काकू, काल कुस्करा केला, ताक जरा जास्त पडलं तर मऊ झाला पण पोरगा दोनदा घेऊन गेला. नवऱ्यानं विचारलं हा कुठला चिवडा, मी सांगितलं आणि गप्प झाला, खाऊन मात्र घेतला. प्रतापनगर ताई, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, ‘मीही तेच खाल्लं गं तीस वर्षं’, आणि मग स्वतःच आज भात कमी लावला. वाटी बदलायची गरज पडेलसं वाटत नाही, पण लहान वाटी काढून ठेवलीय मी, सांगता येत नाही.
लॅबवाले दादा, परातीचं लगेच सुरू केलं. एक शंका, दही घालून ठेवलेला भात चालतो का? माझी आई उन्हाळ्यात करायची.
आणि अजून एक. रविवारी नणंदेकडचे सगळे येताहेत, आमरस होणार, आणि आमच्याकडे रस मोजून होतच नाही, गंजभर उरतो. दुसऱ्या दिवशी काळा पडतो न् आंबूस लागतो. त्याचं काय?

लॅबवाला_दादा
दही-भात करा, पण भात आधी गार करूनच दही घाला, आणि फ्रीजमध्येच ठेवा. दह्याच्या आंबटपणानं जिवाणूंची वाढ मंदावते, पण भात आधीच चार तास बाहेर राहिला असेल तर दही त्याला वाचवत नाही.

ऊनच_ऊन
रसाचं मी सांगते. ताटांना तुपाचा हात फिरवा, रसात थोडी साखर घालून पातळ थर ओता, जाड नको, मधे ओला राहतो न् बुरशी येते. गच्चीवर ठेवा, वरून मलमलचं कापड बांधा, नाहीतर माश्या न् धूळ. आपल्या मे महिन्यात एक थर दिवसभरात वाळतो, हाताला चिकटला नाही की त्यावर दुसरा. कडा सुटायला लागल्या की आंबापोळी झाली, सोलून गुंडाळी करून डब्यात. रात्री ताटं घरात घ्या, आमच्या गच्चीवर मांजर चाटून गेली होती. ज्यात दूध घातलंय तो रस मात्र वाळवू नका, नासतो. म्हणून रविवारी आधी साधा रस वेगळा काढून ठेवा, दूध वाढताना घाला.

बर्डीवाला
मांजरीचं पण ऐकलं पाहिजे, तिनं अन्न वाया जाऊ दिलं नाही.
आंबापोळी झाली की बर्डीवर आणून द्या थोडी.

मानेवाड्याची_सून
दूध वेगळं ठेवायचं हे सासूबाईंना आत्ताच सांगते, त्या आदल्या रात्रीच घालून ठेवतात.