आजींनी पकडलेली करंगळी
ट्रिक कळली की जादूचं पुस्तक संपलं, असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही बुवा. एर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली आलेलं पत्त्यांचं पुस्तक मी चारदा वाचलंय. पहिल्यांदा जुगारातल्या हातचलाखीचा भाग सोडून थेट जादूवर उडी मारली आणि मग इथे इंदूरला गणपतीत खेळ करताना पहिल्या रांगेतल्या आजी सगळ्यांदेखत म्हणाल्या, बाळा, करंगळी दिसतेय तुझी! (खरंच दिसत होती.) घरी येऊन तो सोडलेला भाग काढला, पिसण्याची चित्रं आरशासमोर धरून एकेक बोट जुळवलं, तर माझी पकडच मुळात चुकीची, गड्डी नुसती आवळून धरायचो. आता पाचव्यांदा वाचतोय, पानांवर पोह्यांची हळद लागलीये.