एप्रिलची एकच सकाळ: सिंहगड खोरं की सासवडचा माळ?

प्रश्न: पक्षी बघायला पुण्याजवळच्या या दोन्हीपैकी कुठे जाऊ? ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेल ना?

उत्तर १: पुरेल. १०× हातात जास्त थरथरते, शिवाय झाडीत पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. मी खोरंच म्हणेन. साडेसहाला पोचा, फुललेलं पांगाऱ्याचं झाड दिसलं की २० मिनिटं तिथेच थांबा. शिंजीर, भोरड्या हे पक्षी मधासाठी येतात. डबक्यापाशी स्वर्गीय नर्तक हा पक्षी दिसू शकतो.

उत्तर २: माळावर गेलात तर नऊच्या आत आटपा, नंतर तापलेल्या हवेत दुर्बिणीतलं चित्र लहरतं. पायाखाली बघा! माळटिटवीची ठिपकेदार अंडी उघड्यावर, खड्यांत मिसळलेली असतात. टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या वाटेने परत फिरा. ती उठून राहिली तर अंडी उन्हात भाजतात.

उत्तर ३: मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विणीचे दिवस आहेत.